मावेजा, गंठण आणि पहिलं तीमथ्य सहा

पत्र

पाळकीणबाई, सलाम.

मी परतूर तालुक्यातली. सासरे वारले, मागे आठ एकर जमीन. फेरफार झाला तेव्हा सातबाऱ्यावर थोरल्या भाऊजींचं एकट्याचं नाव लागलं, एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून. आमचे हे म्हणाले, भाऊच आहे, कुठं पळून जातो. पुढं त्यातली काही जमीन महामार्गात गेली. मावेजा ६० लाख आला, तो भाऊजींच्या खात्यावर. त्यांनी आम्हाला ४ लाख दिले. म्हणाले, दोघी बहिणींची लग्नं मी केली, बापाचा दवाखाना मी पाहिला, हिशोब मिटला. त्यांचं दुमजली घर झालं, दारात स्कॉर्पिओ आली. आमच्या डोक्यावर पत्रे होते ते आहेत. सासूबाई आमच्याकडंच असतात.

यजमान एका संस्थेच्या शाळेत शिपाई आहेत. भांडणाचं नाव काढू देत नाहीत. काही बोललं की बायबल उघडतात: "आपल्याला अन्नवस्त्र असल्यास तेवढ्यात आपण तृप्त असावे." मुलगी दहावीला आहे, हुशार आहे. तिला अकरावी-बारावी लातूरला करायची, डॉक्टर व्हायचंय. तिलाही हेच वचन. अर्धा वाटा मागू म्हटलं तर म्हणतात, बायबलात पौलानं लिहिलंय, कोर्टात जाण्यापेक्षा अन्याय सोसा.

भाऊजी चर्चचे खजिनदार आहेत. हंगामाच्या सणाच्या लिलावात त्यांनी एक दुधी भोपळा ५ हजाराला घेतला. टाळ्या पडल्या. मी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी नेली होती, ती ३० रुपयांत गेली. जाऊबाई माझ्या पुढच्या बाकावर बसतात. मानेवर नव्या गंठणाची साखळी दिसते. उपासना चालू असते आणि माझे डोळे त्या साखळीवर. पाळकसाहेब काय बोलले ते घरी येईपर्यंत आठवत नाही. मी अशी नव्हते. मला कावीळ झाली तेव्हा याच जाऊबाईंनी माझं सगळं केलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात एका सभेत बाहेरगावच्या सेवकांनी सांगितलं, विश्वासाचं बी पेरा, शंभरपट मिळेल. मी बचत गटातून उचल घेऊन ५ हजार टाकले. घरी माहीत नाही. आलं काहीच नाही, हप्ता मात्र भरतेय.

मी लोभी झाले का? वाटा मागणं पाप आहे का? आणि समाधान आणायचं कुठून?

— एक बहीण

उत्तर

ताई, सलाम.

आधी ते ५ हजार निकालात काढू, कारण त्यात बोलण्यासारखं फार नाही. बियाणं टाकलं की शंभरपट येतंच, हे दुबार पेरणी केलेल्या मराठवाड्याच्या माणसाला तरी कुणी सांगू नये. पेरणाऱ्याच्या दाखल्यातलं बी म्हणजे देवाचं वचन, हे येशूनं तिथंच उलगडून सांगितलंय (लूक ८:११). ते नोटांचं बंडल कधी झालं, ते त्या सेवकांनाच माहीत. कर्ज काढून, मनात भीती ठेवून, दुपटी-शंभरपटीच्या आशेनं टाकलेल्या पैशाला पौल दान म्हणत नाही. जुलमानं किंवा कष्टी मनानं देऊ नका, असं तो दुसऱ्या करिंथकरांच्या नवव्या अध्यायात स्पष्ट लिहितो. गटाची उचल फेडून टाका. आणि यजमानांना सांगा. दुसऱ्याकडे हिशोब मागायला निघणाऱ्या बाईनं आपली वही आधी उघडावी. ते रागावतील, एक दिवस जेवणार नाहीत. चालायचंच.

आता यजमानांच्या वचनाकडे येऊ.

मी पाळकाच्या पगारात घर चालवलेली बाई आहे. आमच्या घरी एक माणूस व्यासपीठावरून समाधानावर बोलायचा आणि दुसरं माणूस डब्यात तांदूळ किती उरलेत ते बघायचं. त्यामुळे या वचनाशी माझी ओळख जुनी आहे, आणि माझं त्याच्याशी भांडण नाही. ते खरं आहे. "चित्तसमाधानासह भक्ती हा तर मोठाच लाभ आहे" हे वाक्य मी कितीतरी रात्री उशाला घेऊन झोपले आहे. पण हे वचन माणसानं स्वतःला सांगायचं असतं. बायकोनं मुलीच्या फीचा विषय काढला की तिच्या तोंडावर ठेवायला ते लिहिलेलं नाही.

ते वचन पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, सहाव्या अध्यायाचं आठवं. त्या पत्राचं मागचं पान उलटायला यजमानांना सांगा. पाचव्या अध्यायाचं आठवं वचन. जो आपल्या नातेवाइकांची, विशेषतः घरच्यांची तरतूद करत नाही, त्यानं विश्वास नाकारला आहे, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट आहे. एवढे कडक शब्द पौलानं त्याच तीमथ्याला, त्याच पत्रात लिहिलेत. सहाव्याच्या आठव्यावर बोट ठेवणाऱ्यानं पाचव्याचं आठवं ओलांडून जायचं नसतं. आणि सहाव्या अध्यायातही ताकीद आहे ती धनवान होण्याच्या मागे लागलेल्यांना, आणि शेवटी, सतराव्या वचनापासून, जे धनवान आहेतच त्यांना: चंचल धनावर भरवसा ठेवू नका, परोपकारी असा, दानशूर असा. पत्र्याखाली सासूला सांभाळणाऱ्या बाईला गप्प बसवा, असं त्यात मला तरी कुठं सापडलं नाही.

समाधानाचं दुसरं मोठं वचन फिलिप्पैकरांच्या चौथ्या अध्यायात आहे. ज्या स्थितीत आहे तिच्यात संतुष्ट राहायला मी शिकलो आहे, असं पौल तिथं म्हणतो. हे त्यानं बंदिवासातून लिहिलं. त्याच अध्यायात, सात वचनं पुढं, एपफ्रदीताच्या हाती तुम्ही पाठवलेलं मला मिळालं, मला भरपूर झालं, असंही लिहिलंय. म्हणजे समाधानी पौलानं पैसे परत पाठवले नाहीत. घेतले, आभार मानले, पोच दिली. समाधान म्हणजे हात मागे बांधून बसणं नव्हे, एवढं यजमानांना त्यातून कळावं.

तरी तुमच्या यजमानांबद्दल मला माया वाटते, हेही लिहून ठेवते. भावाशी भांडायचं नाही म्हणून नुकसान सोसणारी माणसं आता फार उरली नाहीत. त्यांचा निरिच्छपणा खोटा नाही. फक्त त्याची किंमत कोण भरतंय ते त्यांनी पाहिलेलं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली तेव्हा लोकांनी फार वाखाणलं, आणि वाखाणण्यासारखंच होतं ते. पण टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे तेव्हा संसार ओढत कोण होतं, हे लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला कळतं. आपल्या मंडळ्यांमधल्या बाकीच्या लक्ष्मीबाईंनी काही लिहिलेलं नाही.

वाटा मागणं पाप आहे का?

लूकच्या बाराव्या अध्यायात एक माणूस गर्दीतून येशूला म्हणतो, गुरुजी, वतनाचा वाटा मला द्यायला माझ्या भावाला सांगा. येशू म्हणतो, मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि मग सगळ्यांकडे वळून सांगतो, लोभापासून सांभाळा. लगेच तो धनवानाचा दाखला येतो, ज्याच्या जमिनीला उदंड पीक आलं, जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं त्यानं ठरवलं, आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला गेला. हा उतारा दाखवून वाटा मागणाऱ्याला लोभी ठरवणारे उपदेश मी पुष्कळ ऐकलेत. पण नीट वाचलं तर येशू त्या माणसाला, तुझा भाऊ बरोबर आहे, असं कुठंही म्हणत नाही. मी तुमचा पंच होणार नाही, एवढंच म्हणतो. आणि दाखला आहे तो ज्याच्याकडे कोठारं भरलेली आहेत त्याच्यावर. त्या धनवानाच्या तोंडचे शब्द बघा: माझं धान्य, माझी कोठारं, माझा माल. शेत त्यानं एकट्यानं नांगरलं होतं काय? कापणीला आलेल्या बाया, राखणीला असलेला गडी, आई, भाऊ, बहीण, कुणाचं नाव नाही. तो बोलतो तेही स्वतःच्या जिवाशीच.

याच्या शेजारी बायबलातल्या गणनेच्या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय ठेवा. सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे, याजकापुढे, सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहतात. आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का पुसावं, आम्हालाही वतन द्या, असं म्हणतात. मोशे हे परमेश्वरापुढे नेतो. परमेश्वर म्हणतो, या मुली म्हणतात ते रास्त आहे. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. पाचही जणींची नावं पवित्र शास्त्रात आहेत. वाटा मागितला म्हणून त्यांना कुणी लोभी म्हटलेलं नाही.

तेव्हा मागणं पाप नाही. पण ताई, मागायचं किती?

तुमच्या पत्रात "अर्धा वाटा" आहे. तिथं मी थांबले. दोन भाऊ म्हणून अर्धा, असा हिशोब तुम्ही, यजमानांनी आणि गावानंही धरलाय. आता कायद्याचा बघा. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि कुटुंबाला ख्रिस्ती म्हणून १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागत असेल, तर विधवेला एक तृतीयांश. उरलेलं दोन तृतीयांश सगळ्या मुलांना सारखं. त्यात थोरला-धाकटा नाही, मुलगा-मुलगी नाही, वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असाही भेद नाही. लग्नात खर्च झाला म्हणून मुलीचा हक्क संपत नाही.

म्हणजे ६० लाखांत सासूबाईंचे २० लाख. राहिलेल्या ४० लाखांचे चार वाटे: भाऊजी, तुमचे यजमान आणि दोन नणंदा, प्रत्येकी १० लाख. तुम्हाला ४ मिळालेत, म्हणजे ६ यायचे आहेत. ३० लाखांचं जे चित्र तुमच्या डोळ्यांपुढे आहे, त्यातले २० तुमचे कधीच नव्हते. उरलेल्या जमिनीलाही हाच हिशोब. आपल्याकडं पुष्कळ घरं चर्चला जातात आणि कागदावर हिंदू असतात. तसं असेल तर १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागेल आणि आकडे बदलतील. पण सासूबाई आणि नणंदा त्यातही आहेतच. नेमकं काय लागतं ते वकील कागद पाहून सांगेल.

दोघी नणंदांचा उल्लेख तुमच्या पत्रात एकदाच आलाय, लग्नाच्या खर्चात. तोही भाऊजींच्या तोंडून. भाऊजींनी तुम्हाला विसरलं ते तुम्हाला बरोबर दिसलं. त्याच कागदावर आणखी तीन बाया विसरल्या गेल्या, त्या तुम्हाला दिसल्या नाहीत, आणि त्यातली एक तुमच्याच घरात भाकरी खाते. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. आपल्याला लहानपणापासून असंच मोजायला शिकवलंय. पण मी लोभी झाले का, असं तुम्ही मला विचारलंत, म्हणून माझं उत्तर इथं आहे: ६ लाख मागाल तर तो हक्क. सासूबाईंना आणि नणंदांना गाळून २६ मागाल, तर भाऊजींच्यात आणि तुमच्यात फरक फक्त खात्याचा.

यजमान म्हणतील, मी सोडून दिलं, मला काही नको. त्यांचे १० लाख सोडायचा त्यांना अधिकार आहे, तुमच्याशी आणि मुलीशी बोलून. आईचे २० आणि बहिणींचे २० सोडायचा अधिकार त्यांना कुणी दिला? देहूच्या तुकोबांची गोष्ट यजमानांना माहीत असेलच. घरातल्या सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवायला निघाले, तेव्हा धाकट्या कान्होबांच्या वाट्याची खतं त्यांनी वेगळी काढून दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली, असं सांगतात. दुसऱ्याचा वाटा बुडवून त्यांनी वैराग्य केलं नाही. (ख्रिस्ती सदरात तुकोबा कशाला, असं कुणाच्या मनात आलंच तर, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे टिळकांचंच म्हणणं आहे.)

आणि ते "अन्याय सोसा". पहिलं करिंथकर, सहावा अध्याय, सातवं वचन. बरोबर आहे. पण दोन वचनं आधी पौल विचारतो, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? म्हणजे निवाडा व्हायचाच आहे, तो मंडळीत व्हावा अशी त्याची इच्छा आहे. आणि एक वचन पुढं, आठवं, थेट तुमच्या भाऊजींना लागतं: उलट तुम्हीच अन्याय करता, नाडता, आणि तेही भावांना. सातवं वचन धाकट्याला ऐकवायचं आणि आठवं थोरल्याला ऐकवायचं नाही, हे आपल्या मंडळ्यांमध्ये फार चालतं. कारण थोरला खजिनदार असतो.

लिलावाचंही बोलते, कारण तो मी खूप पाहिलाय. ज्वारीची पायली, चुक्याच्या जुड्या, पिशवीत बांधलेली अंडी, पाय बांधून ठेवलेली गावरान कोंबडी. ओरडणारा एक हौशी पंच. बोली चढते तशी माणसं भोपळ्याकडे बघत नाहीत, बोली लावणाऱ्याकडे बघतात. सण चांगला आहे, त्यातून चर्चच्या दुरुस्तीला चार पैसे मिळतात. भाऊजींनी ५ हजार दिले तेही चर्चला लागले असतील. पण विधवेच्या दोन टोल्यांचा, म्हणजे दोन छोट्या नाण्यांचा, जो उतारा आपण दर वर्षी दानाच्या वेळी वाचतो, मार्क १२, तो आपण एक्केचाळीसपासून वाचतो. चाळिसावं वचन वाचत नाही. तिथं येशू शास्त्र्यांबद्दल म्हणतो, हे विधवांची घरं गिळंकृत करतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. आधी ते, मग पेटीसमोर बसून विधवेचं दान बघणं. तुमच्या सासूबाईंचे २० लाख ज्या खात्यावर पडून आहेत, त्याच खात्यावरून तो भोपळा आला. तुमची ३० रुपयांची बरणी यापुढे मनाला लावून घेऊ नका. फक्त शेंगदाणे पुढच्या वेळी जरा जास्त भाजा, चटणी जास्त टिकते.

आता गंठण. इथं तुमची बाजू मी घेऊ शकत नाही.

अहाब राजाची गोष्ट आठवा (पहिले राजे, एकविसावा अध्याय). राजवाडा आहे, राज्य आहे, आणि वाड्याला लागून असलेला नाबोथाचा द्राक्षमळा मिळाला नाही म्हणून पलंगावर तोंड फिरवून पडला, जेवेना. कशासाठी हवा होता मळा? भाजीपाला लावायला! लोभाचं मला कळलेलं लक्षण हे आहे: तो माणसाचं ताटावरचं मन उडवतो, मग माणूस राजा असो की शिपायाची बायको. वाटा मागण्यात तुमचा लोभ नाही, पण त्या साखळीत तुमचा जीव अडकलाय, आणि दहावी आज्ञा शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नको म्हणते तेव्हा घर अन्यायाचं असेल तर चालेल, अशी सूट देत नाही. उद्या ६ लाख आले तरी ती साखळी मानेवरच दिसणार आहे. मग तुम्ही तिच्याएवढं गंठण कराल, आणि फीचे पैसे सराफाकडे जातील. अशी घरं मी जालन्यात पाहिलीत, अंबाजोगाईत पाहिलीत.

बाक बदला. हसू नका, खरंच बाक बदला. ज्या जागेवरून साखळी दिसते तिथं बसून मनाशी कुस्ती खेळण्यात काही मोठेपणा नाही. दुसरं, जाऊबाईंकडे जा, पैशाचा विषय न काढता. त्यांनी कावीळीत तुमचं केलं होतं. लिंबाचं लोणचं घातलं असेल तर बरणी घेऊन जा. खात्यावर पैसे भाऊजींच्या आले, जाऊबाईंच्या नाही. गंठण हा कदाचित त्यांना मिळालेला एकुलता एक हिस्सा असेल. तिसरं, त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. पहिले काही दिवस ती तोंडदेखली होईल. होऊ द्या. पौल "शिकलो" म्हणतो, त्याला एका रात्रीत आलेलं नाही, आणि तो पौल होता.

पुढं काय करायचं ते आता सांगते. तलाठ्याकडून सातबारा आणि तो फेरफार, दोन्हींच्या नकला काढा. सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला जवळ ठेवा. मावेजाच्या निवाड्यात कुणाची नावं होती, ते उपविभागीय कार्यालयात विचारा. मग नणंदांना फोन करा, दोघींनाही, एकाच दिवशी, म्हणजे एकीला आधी कळलं असं होणार नाही. त्यांना वाटा नको असेल तर त्या स्वतः सांगतील. त्यांच्या वतीनं कुणी सांगायचं नाही.

मग मत्तयच्या अठराव्या अध्यायाचा क्रम. आधी यजमानांनी एकट्यानं भावाकडे जायचं. तुम्ही नाही, मुलीचा मामा नाही. वहीत हिशोब मांडून जायचं, आणि त्यात भाऊजींनी केलेला दवाखान्याचा खर्च खरा असेल तर तो प्रामाणिकपणे वजा धरायचा. त्यांनी खरंच केलंय ते. ऐकलं नाही तर दोन साक्षीदार घेऊन. तेही नाही झालं तर मंडळीपुढे, म्हणजे पाळकसाहेबांपुढे आणि कमिटीपुढे. तिथं खजिनदारानं त्या विषयापुरतं उठून बाहेर बसावं, एवढी अट घाला. सोन्याच्या अंगठीवाल्याला पुढची जागा आणि फाटक्याला पायापाशी बस म्हणणाऱ्यांबद्दल याकोबानं दुसऱ्या अध्यायात लिहिलंय, ते पाळकसाहेबांनाही पाठ असेल.

एवढं करून काही झालं नाही तर वकील. जालन्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना मोफत सल्ला आणि वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या कायद्यात तसं आहे. अर्ज तुमच्या नावानं करण्यापेक्षा सासूबाईंच्या नावानं करा, त्यांचा हक्क सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सरळ आहे. त्यांना आधी विचारा मात्र. मुलाविरुद्ध कागदावर अंगठा द्यायला आई लवकर तयार होत नाही, आणि त्यांच्या वयात त्यांना ओढूही नये. नुसतं वकिलाचं पत्र गेलं तरी पुष्कळ भाऊ ताळ्यावर येतात. फार थांबू नका, कायद्याला मुदती असतात.

मुलीचं शिकणं लोभात मोडत नाही. आपल्याच भागात, जालन्याजवळ, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली तेव्हा प्रार्थनेबरोबर जमिनीचा आणि शाळेचाही विचार केला होता. मिशनच्या शाळा नसत्या तर आज आपल्यातले किती जण बायबल उघडून एकमेकांवर वचनं टाकू शकले असते? मात्र लातूरलाच जायचं का, याचा निर्णय दहावीचा निकाल बघून घ्या. लातूर पॅटर्नच्या नावावर क्लासची फी, खोलीभाडं, मेस, सगळं मिळून मोठा आकडा होतो. आणि डॉक्टर तिलाच व्हायचंय, की जाऊबाईंच्या मुलांपेक्षा वर जायला तुम्हाला ती डॉक्टर हवी आहे, हे एकदा तिला एकटीला विचारा. तिचं उत्तर लातूरचं असेल तर तुमच्या वाट्याच्या पैशाचा तो पहिला खर्च. पत्रे दोन पावसाळे आणखी निघतील.

पैसे येण्याआधीच, आजच, वहीत लिहून ठेवा: दशांश किती, मुलीचे किती, गटाच्या उचलीचे किती. आल्यावर ठरवू म्हणणाऱ्यांचं ठरत नाही. आणि सासूबाईंचे पैसे सुटले तर त्यांचं खातं त्यांच्या एकट्याच्या नावानं उघडा. बँकेत त्यांना स्वतः घेऊन जा, अंगठा लावत असतील तर लावू द्या, पासबुक त्यांच्या पेटीत राहू द्या. औषधाला, मंडळीला, लेकींना काय द्यायचं ते त्या ठरवतील. एटीएम कार्ड घेऊ नका. पैसे काढायला लांब पडतं म्हणून यजमान ते स्वतःकडे ठेवायला मागतील, तरीही नाही.